सहा फूट अंतरावरचा माणूस

२०२० सालच्या जुलैअखेरीस राज्य सरकारचा एक आदेश निघाला. टाळेबंदीच्या त्या दिवसांत असे आदेश वरचेवर निघत आणि घराघरांत पंचांगासारखे वाचले जात. काय उघडलं, काय बंद, किती वाजेपर्यंत, हे पाहिल्याशिवाय भाजीलाही कुणी बाहेर पडत नसे. या आदेशात एक कलम होतं : संघ करून न खेळले जाणारे मैदानी खेळ ५ ऑगस्टपासून अंतर राखून आणि स्वच्छतेची काळजी घेऊन खेळता येतील. पुढे यादी होती. गोल्फ, उघड्यावरची नेमबाजी, जिम्नॅस्टिक्स, टेनिस, बॅडमिंटन आणि शेवटी मल्लखांब. पोहण्याचे तलाव मात्र बंदच.

मला हसू आलं. साहेबाचा गोल्फ आणि बाळंभटदादा देवधरांचा मल्लखांब एका पंगतीला बसलेले मी प्रथमच पाहत होतो. सरकारचा हिशेब सरळ होता. जो एकटा खेळतो, तो सुरक्षित. पण मल्लखांबाच्या एकाच लाकडाला संध्याकाळभरात वीस पोरं मिठी मारतात. आणि गोल्फ खेळणारा आपल्याकडे कधी एकटा नसतोच. त्याच्या मागे खांद्यावर बॅग घेतलेला एक माणूस चालत असतो. कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो माणूस नसावा. आमच्याही नव्हता, हे मात्र आज कबूल करायला हवं.

गोल्फशी माझी पहिली ओळख झाली ती बँकेच्या काउंटरमागून. नोकरीत असताना तीन वर्षं मी गोल्फच्या मैदानाजवळच्या एका शाखेत होतो. तिथल्या कॅडींची बचत खाती आमच्याकडे होती. पासबुकावरून माणसाचा धंदा कळतो. यांच्या पासबुकात सोमवारी भरणा दिसायचा, कारण शनिवार-रविवारी खेळणाऱ्यांची गर्दी. जुलै-ऑगस्टमध्ये भरण्याचा रकाना कोरडा आणि काढण्याचा भरलेला. बहुतेक ठिकाणी कॅडी क्लबात रोज येतो, पण क्लबाच्या पगारपत्रकावर नसतो. एका फेरीचे ठरलेले पैसे आणि खेळणारा खूश असेल तर वर थोडे. याच कामातून वर आलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक गोल्फपटू. पण असा अली शेर एखादाच. बाकीचे दुसऱ्यांच्या काठ्या वाहतच म्हातारे होतात.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि एका मित्राच्या आग्रहाखातर मी त्याच्या क्लबाचा सभासद झालो. तिथे मला मामा भेटले. सगळे त्यांना मामाच म्हणत. पन्नाशी उलटलेले, सडपातळ, चेंडू कुठल्या झुडपात गेला हे आवाजावरून सांगणारे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोल्फचं मैदान म्हणजे सव्वाशे-दीडशे एकरांचा हिरवा माळ. त्यात अठरा ठिकाणी सव्वाचार इंच व्यासाची भोकं. दर भोकात एक निशाण रोवलेलं. बॅगेत जास्तीत जास्त चौदा काठ्या. पूर्ण फेरीत सहज आठ-नऊ किलोमीटर चालणं होतं. रोगाच्या दिवसांत याहून निर्धोक खेळ कोणता, असं कुणालाही वाटावं. तरी इंग्लंडातली मैदानं मार्च २०२० मध्ये बंद झाली ती १३ मेलाच उघडली, तीही सुरुवातीला घराबाहेरच्या एकाच माणसाबरोबर खेळण्याच्या अटीवर. ब्रिटनमधली ओपन स्पर्धा त्या वर्षी रद्द झाली. १९४५नंतर असं प्रथमच घडलं. अमेरिकेतली मास्टर्स एप्रिलऐवजी नोव्हेंबरात, प्रेक्षकांविना झाली.

खेळाचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांनी त्या काळापुरत्या सवलती दिल्या. निशाणाला हात लावायचा नाही. २०१९च्या नव्या नियमांमुळे ते न उपटता चेंडू आत घालायची मुभा आधीच मिळाली होती, ती नेमकी उपयोगी पडली. भोकात हात घालावा लागू नये म्हणून कुठे आतला डबा वर उचलला, कुठे आत फोमचा तुकडा बसवला. वाळूच्या खड्ड्यांजवळची दंताळी उचलून ठेवली, वाळू पायाने सारखी करायची. गुणांचा कागद एकमेकांना द्यायचा नाही.

संकटात नियम वाकवायची या खेळाला जुनी सवय आहे. १९४० साली जर्मन विमानं बॉम्ब टाकत असताना लंडनजवळच्या रिचमंड क्लबाने तात्पुरते नियम काढले होते. गवत कापणाऱ्या यंत्रांना इजा होऊ नये म्हणून खेळाडूंनी बॉम्बचे तुकडे वेचावेत. बॉम्ब पडत असताना आडोशाला गेल्यास खेळ थांबवल्याचा दंड नाही. फटका मारताना स्फोट झाला आणि नेम चुकला तर दुसरा चेंडू मारता येईल, पण एका फटक्याचा दंड बसेल! हा शेवटचा नियम वाचून मी पोट धरून हसलो होतो. पुढे आमच्या क्लबाची नियमावली मोबाइलवर आली तेव्हा तितकं हसू आलं नाही.

बूट घरूनच घालून यावे. कपडे बदलायची खोली बंद. दोन गटांत पंधरा मिनिटांचं अंतर. निशाण, दंताळं यांना हात लावू नये. इथपर्यंत सगळं इंग्लंडसारखंच. शेवटची ओळ होती : पुढील सूचनेपर्यंत कॅडींना प्रवेश नाही. इंग्लंडात सर्वसाधारण खेळाडू आपली बॅग आपणच ओढतो, त्यामुळे तिथल्या नियमांत या माणसाचा प्रश्नच फारसा उद्भवला नाही. आमच्याकडे ती एक ओळ वाढली आणि मार्चपासून रिकामे बसलेले सगळे कॅडी आणखी बाहेर राहिले.

पहिल्या दिवशी मी बॅग स्वतः उचलून निघालो. भुरभुर पाऊस होता. चौथ्या होलाच्या उतारावर घसरलो, सहाव्याला चेंडू हरवला, नवव्याला खांदा बोलू लागला. परतताना फाटकाबाहेर वडाखाली सात-आठ कॅडी उभे दिसले. तोंडाला रुमाल, दोघांत हातभर नव्हे, चांगलं सहा फुटांचं अंतर. मामाही होते. मी विचारलं, “धान्याची पाकिटं मिळाली ना?” सभासदांनी वर्गणी काढून ती वाटली होती.

“मिळाली साहेब. उपकार आहेत. पण काम कधी मिळंल?”

मी काहीतरी म्हणालो. रोग, नियम, काळजी. मामांनी ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, “साहेब, तुम्ही मारताना आम्ही कधी जवळ उभे राहिलो का?”

खरंच होतं. काठी फिरते तेव्हा कॅडी दूर, निश्चल, आपली सावलीही खेळणाऱ्यापुढे पडणार नाही असा उभा असतो. अंतर राखायला त्याला कुठल्या आदेशाची गरज नव्हती. बँकेत आम्ही मदत आणि मजुरी एका खात्यात कधी धरली नाही. इथे मात्र धान्याचं पाकीट देऊन आम्ही मजुरीचं खातं बंद केलं होतं.

आता माझीच चूक सांगतो. त्या दिवशी आम्ही चौघे मित्र पाऊस वाढला म्हणून एकाच गाडीतून घरी निघालो. काचा वर. मास्क हनुवटीवर, कारण थर्मासमधला चहा प्यायचा होता. मैदानावर चार तास एकमेकांपासून लांब राहिलो आणि शेवटची चाळीस मिनिटं गुडघ्याला गुडघा लावून बसलो. पुढच्या आठवड्यात आमच्यातल्या दोघांना ताप आला. एकाला बारा दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. तो वाचला. रोग कुणाकडून कुणाला गेला याची पावती मिळत नाही. पण बंद गाडीतली ती चाळीस मिनिटं मी आजही विसरू शकत नाही.

नंतर विज्ञानानेही तेच सांगितलं. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने एप्रिल २०२१ मध्ये म्हटलं की विषाणू असलेल्या पृष्ठभागाला एकदा हात लागून रोग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी. मोठा धोका होता बंद जागेतल्या श्वासाचा. म्हणजे आम्ही निशाणाला घाबरलो आणि गाडीला घाबरलो नाही. परक्या माणसाला दूर ठेवलं, मित्राला जवळ बसवलं. भीतीलाही आपलं-परकं कळतं, असं दिसतं.

मित्र घरी परतल्यावर मी क्लबाच्या समितीला अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. आयुष्यभर कर्जप्रस्ताव लिहिल्यामुळे मागणी थोडक्यात मांडायची सवय आहे. एका खेळाडूला एकच कॅडी. कॅडी बॅग उचलेल, चेंडूला हात लावणार नाही. दोघांच्या तोंडाला मास्क. पैसे मोबाइलवरून, नोटांची देवघेव नाही. ज्यांना कॅडी नको असेल त्यांनीही निम्मे पैसे द्यावेत, अशी पाचवी सूचना होती. तीन आठवड्यांनी पहिल्या चार मान्य झाल्या.

मामा परतले. सगळे परतले नाहीत. एकाने भाजीची गाडी लावली होती, दुसरा मोटारसायकलवरून घरोघरी पार्सलं पोचवत होता. मामांना मोबाइलवर पैसे घेणं त्यांच्या मुलीने शिकवलं. पहिले पैसे जमा झाल्याचा संदेश त्यांनी मला दोनदा वाचायला लावला, जुन्या शाखेतला एखादा खातेदार पासबुक पुढे करायचा तसा.

पुढे निर्बंध उठले, फोमचे तुकडे निघाले, दंताळी जागेवर आली. निशाणाला पुन्हा हात लावता येऊ लागला त्या सकाळी मामांनी ते उपटलं, छातीशी धरलं आणि नेहमीसारखे बाजूला जाऊन उभे राहिले. मी अंतर डोळ्यांनी मोजलं. सहा फुटांहून जास्तच होतं. मग चेंडू मारला. तो चुकला. मामा म्हणाले, “डावीकडं उतार होता साहेब. विचारायचं होतं.”