मोटार अपघात : चूक कोणाची, हे न विचारता मिळणारी भरपाई

अपघात क्षणार्धात घडतो. त्याचा भार मात्र कुटुंबाला वर्षानुवर्षे वाहावा लागतो. असे समजू या की साखळीचा एक गवंडी पहाटे दुचाकीवरून बेळगावला निघाला आहे. चोर्ला घाट ओलांडून खानापूर तालुक्यात शिरल्यावर एका वळणावर मालवाहू ट्रकशी त्याची टक्कर होते आणि तो जागीच मरण पावतो. दुचाकीस्वार चुकीच्या बाजूने आला, असे ट्रकचालक सांगतो. प्रत्यक्ष पाहणारा कोणी नसतो आणि मृत माणूस आपली बाजू मांडू शकत नाही. घरी पत्नी, दोन लहान मुले आणि वृद्ध आई. ‘चूक आमच्याच माणसाची होती म्हणतात; मग आम्हांला कोण काय देणार?’ असे म्हणून हे कुटुंब स्वस्थ बसण्याचा मोठा संभव असतो.

ही समजूत बरोबर नाही. चूक कोणाची हे सिद्ध न करताही काही ठराविक रक्कम मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. मात्र ती रक्कम स्वीकारण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घेणे अगत्याचे आहे. ती समजून न घेता केलेली एक स्वाक्षरी कुटुंबाला कित्येक लाखांची पडू शकते.

कायद्याची वाटचाल

मोटार वाहन अधिनियम, १९३९ अन्वये भरपाई मागणाऱ्यास वाहनचालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. तो सिद्ध न झाल्यास विधवेला व मुलांना रिकाम्या हाती परतावे लागे. १९८२ च्या दुरुस्तीने कलम ९२-अ घालण्यात आले आणि मृत्यूसाठी १५,००० रुपये व कायम अपंगत्वासाठी ७,५०० रुपये दोषाचा विचार न करता देण्याची सोय झाली. १९८८ च्या नव्या अधिनियमात हीच तरतूद कलम १४० या रूपाने आली. तीतील रकमा प्रथम २५,००० व १२,००० रुपये होत्या. १९९४ च्या दुरुस्तीने त्या ५०,००० व २५,००० रुपये झाल्या. ही रक्कम तातडीची मदत म्हणून आधी मिळे आणि मूळ दावा पुढे चालू राही. १९९४ मध्येच वय व उत्पन्न यांच्या कोष्टकावरून भरपाई ठरविणारे कलम १६३-अ आले.

२०१९ च्या दुरुस्ती अधिनियमाने ही दोन्ही कलमे वगळली. त्यांच्या जागी नवीन कलम १६४ दिनांक १ एप्रिल २०२२ पासून अमलात आले. जुन्या कलमांचे क्रमांक आजही लोकांच्या तोंडी असतात. पण त्यानंतर घडलेल्या अपघातांसाठी कलम १६४ हेच पाहावयाचे आहे.

आजची तरतूद

मोटार वाहनाच्या वापरामुळे घडलेल्या अपघातात मृत्यू आल्यास वारसांना ५ लाख रुपये, आणि जबर दुखापत झाल्यास जखमी व्यक्तीस अडीच लाख रुपये देण्याचे दायित्व कलम १६४ ने वाहनाच्या मालकावर किंवा त्याच्या विमा कंपनीवर टाकले आहे. वाहनाचा मालक किंवा अन्य कोणी चुकला होता, असे अर्जदाराने म्हणण्याची वा शाबीत करण्याची गरज नाही. मृताचे वय काय होते, मिळकत किती होती, यांवरही ही रक्कम अवलंबून नाही. अन्य कायद्याखाली त्याच कारणासाठी भरपाई मिळाली असल्यास तेवढी रक्कम मात्र यातून वजा होते.

‘जबर दुखापत’ या शब्दांना कायद्यात निश्चित अर्थ आहे. एका डोळ्याची दृष्टी किंवा एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे, एखादा अवयव वा सांधा गमावणे किंवा त्याची शक्ती कायमची क्षीण होणे, डोके वा चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड किंवा दात मोडणे वा निखळणे, आणि जिवावर बेतणारी इजा यांचा त्यात समावेश होतो. दिनांक १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ११६ प्रमाणे, ज्या इजेमुळे माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा आपले नित्याचे व्यवहार करू शकत नाही, तीही जबर दुखापतच होय. पूर्वीच्या दंड संहितेत ही मुदत वीस दिवसांची होती. यावरून पायाचे हाड मोडलेला शेतमजूरही या तरतुदीत येतो, हे ध्यानात यावे.

दोन वाटा, पण निवड एकच

पूर्वीच्या व आजच्या कायद्यातील सर्वांत महत्त्वाचा फरक येथे आहे. कलम १४० खाली मिळणारी रक्कम मूळ दाव्याचा मार्ग बंद करीत नसे. आता मात्र, विहित कार्यपद्धतीनुसार कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालील दावा व्यपगत होतो, म्हणजे तेथेच संपतो. कलम १६६ ची वाट दोष सिद्ध करण्याची आहे. ती लांबची असली तरी तिच्यात रकमेला वरची मर्यादा नाही.

वरील गवंड्याचेच उदाहरण घेऊ. त्याचे वय ३५ वर्षे व मासिक उत्पन्न १५,००० रुपये होते असे धरू. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) व प्रणय सेठी (२०१७) या प्रकरणांत घालून दिलेल्या पद्धतीने हिशेब असा होतो. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या चाळिशीच्या आतील व्यक्तीच्या भावी उत्पन्नवाढीसाठी त्यात ४० टक्के मिळवले की २,५२,००० रुपये होतात. अवलंबून असणारी माणसे चार असल्याने मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करावयाचे. उरतात १,८९,००० रुपये. या वयासाठी गुणक १६ आहे. गुणाकार ३०,२४,००० रुपये येतो. अंत्यविधी, सहवासाची हानी इत्यादींच्या ठराविक रकमा याशिवाय मिळतात.

ट्रकचालकाची चूक पूर्णपणे सिद्ध झाली तर कुटुंब या रकमेस पात्र ठरते. दोघांचा दोष निम्मा निम्मा ठरला तरी सुमारे १५ लाख रुपये मिळू शकतात. मात्र सगळी चूक दुचाकीस्वाराचीच होती असा निष्कर्ष निघाला, तर या वाटेने हाती काहीच लागणार नाही. तेथे कलम १६४ चे ५ लाख हाच आधार उरतो. दाव्याच्या कामात फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. तेव्हा केवळ ट्रकचालकाच्या सांगण्यावरून आपली बाजू लंगडी आहे, असे कुटुंबाने मानू नये. पंचनामा, जागेचा नकाशा, वाहनांना बसलेले धक्के व रस्त्यावरील चाकांच्या खुणा काय सांगतात ते आधी पाहावे.

याच्या उलट उदाहरणही पाहण्यासारखे आहे. सत्तर वर्षांचा एक वृद्ध महिना ६,००० रुपये मिळवीत होता. मागे पत्नी व एक अविवाहित मुलगी आहे. वार्षिक ७२,००० रुपयांतून एक तृतीयांश वजा केल्यावर ४८,००० रुपये उरतात. या वयाचा गुणक ५ असल्याने रक्कम २,४०,००० रुपये होते. ठराविक रकमा मिळवूनही ती पाच लाखांपर्यंत पोहोचणे कठीण. अशा कुटुंबाने साक्षीपुराव्याच्या खटपटीत न पडता कलम १६४ ची वाट धरणे हेच हिताचे. सारांश, कोणती वाट चांगली हे प्रत्येक घराच्या हिशेबावर व उपलब्ध पुराव्यावर अवलंबून आहे. हा हिशेब स्वाक्षरीपूर्वी व्हावयास हवा. नंतर त्याचा उपयोग नाही.

पोलिसांची व विमा कंपनीची कर्तव्ये

दिनांक १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांच्या आत दावा न्यायाधिकरणास व विमा कंपनीस द्यावयाचा असतो. पीडितांच्या हक्कांची माहिती देणारा नमुना त्यांना १० दिवसांच्या आत मिळावा लागतो. अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत सादर व्हावयाचा असतो. न्यायाधिकरण हा अहवाल भरपाईचा अर्ज म्हणूनही विचारात घेऊ शकते.

विमा कंपनीचा पदनिर्देशित अधिकारी त्यानंतर ३० दिवसांत तडजोडीचा देकार न्यायाधिकरणापुढे ठेवू शकतो. अर्जदाराने तो मान्य केल्यास न्यायाधिकरण तशी नोंद करते व नोंद मिळाल्यापासून जास्तीत जास्त ३० दिवसांत कंपनीने पैसे द्यावयाचे असतात. देकार अमान्य करण्याचा हक्क अर्जदारास आहे. तसे झाल्यास सुनावणीची तारीख लागते. देकाराच्या कागदावर कोणत्या कलमाखाली रक्कम देऊ केली आहे, ते प्रथम वाचावे किंवा जाणकाराकडून वाचून घ्यावे.

अर्ज कोठे व केव्हा

अपघात परराज्यात झाला म्हणून तेथेच खेटे घालण्याचे कारण नाही. अपघात जेथे घडला, अर्जदार जेथे राहतो वा व्यवसाय करतो, किंवा प्रतिवादी जेथे राहतो, त्यांपैकी कोणत्याही क्षेत्राच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. खानापूरच्या हद्दीतील अपघाताचा दावा साखळीच्या विधवेला गोव्यात आपल्या घराजवळच्या न्यायाधिकरणाकडे दाखल करता येईल. तेथील पोलिसांचे कागद कन्नडमध्ये असल्यास त्यांचे भाषांतर वेळीच करून ठेवावे.

दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. या मुदतीच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. परंतु त्यावर विसंबून दिरंगाई करणे श्रेयस्कर नव्हे. तेराव्याचे विधी आटोपताच कागद जमविण्यास लागावे.

अर्जासोबत प्रथम माहिती अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाचा क्रमांक व विमापत्राचा तपशील असावा. मृत्यूच्या प्रकरणी शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला व वारसांचा पुरावा. दुखापतीच्या प्रकरणी जखमांचे प्रमाणपत्र, क्ष-किरण चित्रे व औषधोपचाराची बिले जोडावीत. वय व उत्पन्न यांचे पुरावे कलम १६६ च्या दाव्यासाठी लागतात. अपघातात सापडलेल्या वाहनाचा तपशील मागणीवरून देणे हे पोलीस ठाण्याचे व वाहन नोंदणी कार्यालयाचे कर्तव्य आहे.

वाहन पळून गेले तर

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर विमा कंपनी कोणती हेच कळत नाही. अशा वेळी कलम १६१ खालील, १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार मृत्यूसाठी २ लाख रुपये व जबर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. हा अर्ज न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर अपघात जेथे झाला त्या उपविभागाच्या वा तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. मंजुरी जिल्हा पातळीवर होते. पुढे वाहन सापडून अन्य कलमाखाली भरपाई मिळाल्यास ही रक्कम परत करावी लागते.

वाहनमालक स्वतःच जखमी झाला तर

दुसऱ्या वाहनाचा संबंध नसताना मालक आपल्याच वाहनावरून पडून दगावला, तर प्रश्न निराळा होतो. त्रयस्थ पक्ष विमा हा इतरांच्या हानीसाठी असतो. मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते; वारसांनी प्रथम ते पाहावे. आपल्याकडील मोटारसायकल पायलटांनी हे संरक्षण चालू आहे की नाही, आणि मागे बसणाऱ्या प्रवाशाची जोखीम विमापत्रात धरली आहे की नाही, याची खातरजमा आजच करून घ्यावी. वाहनाचा विमाच नसेल तर भरपाईचा सारा बोजा मालकावर पडतो.

उपचार व सल्ला

भरपाई नंतरची, जीव वाचविणे पहिले. दिनांक ५ मे २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तास निर्देशित रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळू शकतात. येथेही चूक कोणाची, हे विचारले जात नाही.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रिया व मुले यांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. देकाराचा कागद हाती येताच त्यावर सही करण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन दोन्ही वाटांचा हिशेब मांडून घ्यावा. घरातला कर्ता गेलेल्या कुटुंबाला हे पाऊल जड जाते, हे खरे. अशा वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, पंचायतीच्या सदस्यांनी व शिक्षकांनी त्या कुटुंबासोबत त्या कार्यालयापर्यंत जावे. कायद्याने देऊ केलेला आधार खऱ्या गरजवंताच्या पदरी पडण्यास एवढे साहाय्य पुष्कळ होईल.