कोपऱ्यावरचा बुटका

पोलीस भरतीची कुणकुण लागली की धुळ्या-जळगावच्या मैदानांवर उजाडायच्या आत पोरं धावायला लागतात. धाव वाढवता येते, गोळा लांब टाकता येतो, छातीही फुगवता येते. उंचीचं मात्र काही करता येत नाही. जिल्हा पोलीस दलात पुरुष उमेदवाराला १६५ सेंटिमीटर लागतात, राज्य राखीव पोलीस दलात १६८. राखीव दलाचा गट क्रमांक ६ धुळ्यातच असल्यामुळे हा तीन सेंटिमीटरचा हिशेब इथल्या भरतीवाल्या पोरांना तोंडपाठ असतो. १६६ भरलेला पोरगा एका रांगेत चालतो, दुसऱ्या रांगेतून घरी जातो.

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, अशी अट कागदावर कुठेही नाही. तरीही दरवर्षी इंडियानापोलिस शहरात होतकरू खेळाडूंची मापं निघतात: उंची, वजन, हाताची लांबी, पंजा, ४० यार्डांची धाव, जागेवरून उडी. कॉर्नरबॅक या जागेसाठी सहा फुटांचा माणूस दिसला की निवडणाऱ्यांची कळी खुलते, पाच फूट नऊ इंचाचा आला की कपाळाला आठी पडते. पाच फूट नऊ म्हणजे १७५ सेंटिमीटर. धुळ्यात हा गडी दोन्ही रांगांतून आरामात पुढे गेला असता. तिथे तो बुटका ठरतो.

हा फुटबॉल लाथेपेक्षा हाताचा. मैदान जवळपास ४९ मीटर रुंद, दोन्हीकडे अकरा-अकरा जण. क्वार्टरबॅक चेंडू लांब फेकतो आणि तो झेलायला रिसीव्हर कडेने सुसाट सुटतो. त्या रिसीव्हरला एकट्याने सांभाळायचं, त्याच्या हातात चेंडू पडू द्यायचा नाही, जमल्यास मधल्या मध्ये आपणच तो पळवायचा (याला इंटरसेप्शन म्हणतात), हे कॉर्नरबॅकचं काम. रिसीव्हरला कुठे वळायचंय ते आधीच ठाऊक असतं, कॉर्नरबॅकला नसतं. त्यामुळे तो सुरुवातीला उलटा, पाठीमागे पळतो आणि समोरच्याची कंबर वळली की त्याच क्षणी आपली वळवतो.

आपल्याकडे या कामाच्या सर्वांत जवळचा माणूस म्हणजे कबड्डीतला कोपरारक्षक. कल्याणचा गिरीश इरनाक डाव्या कोपऱ्यावर खेळत भारतीय संघात पोहोचला, चिपळूणकडच्या शुभम शिंदेने प्रो कबड्डीत उजवा कोपरा सांभाळला. कोपरारक्षकही कडेला एकटा उभा असतो, चढाईपटूच्या पायांकडे डोळे लावून. एक क्षण आधी झेपावला तर गुण जातो, एक क्षण उशिरा झेपावला तरी जातो. पण कबड्डीतली लढाई जमिनीलगत चालते. घोटा पकडायला खाली जावं लागतं आणि ज्याची कंबर मुळातच जमिनीजवळ आहे, त्याला खाली जायला वेळ कमी लागतो. शिवाय नियम वजनाला वरून कात्री लावतात: खुल्या गटात पुरुषांना ८५ किलोची मर्यादा. अमेरिकन फुटबॉलमध्ये वजनाला मर्यादा नाही आणि निर्णायक चेंडू बऱ्याचदा डोक्याच्या वरून येतो. आपल्याकडे जो ठेंगणेपणा कामाला येतो, तोच तिथे अडचण होतो.

अडचण किती? सहा फूट पाच इंचाचा कॅल्विन जॉन्सन हा रिसीव्हर डेट्रॉइटकडून खेळायचा. समोर पाच फूट नऊचा माणूस असेल तर फरक आठ इंचांचा, म्हणजे वीस सेंटिमीटरचा. उंच माणसाचे हातही बहुधा लांब असतात, तो फरक वेगळाच. गोललाइनजवळ चेंडू मुद्दाम उंच टाकला की बुटका अगदी योग्य जागी उभा असूनही नुसता बघत राहतो.

पण नोव्हेंबर २०१४ मध्ये मायामीच्या ब्रेंट ग्राइम्सने याच जॉन्सनच्या डोक्यावरून, उडी मारून, एका हाताने चेंडू काढून घेतला. ग्राइम्स पाच फूट दहा. शिपेन्सबर्ग नावाच्या छोट्या कॉलेजातून आलेला. २००६ मध्ये सात फेऱ्यांच्या निवडीत, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू उचलतात त्या ड्राफ्टमध्ये, त्याचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. मधल्या काळात तो जर्मनीत हॅम्बुर्गच्या संघाकडूनही खेळून आला. पुढे चार वेळा प्रो बोलमध्ये, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंत, त्याची वर्णी लागली. उंची नव्हती, पण उडी आणि उडीची वेळ दोन्ही होती.

त्याच्याही आधीचा डॅरेल ग्रीन. १९८३ च्या निवडीत पहिल्या फेरीतला सर्वांत शेवटचा, अठ्ठाविसावा. उंची जेमतेम पाच फूट नऊ. वॉशिंग्टनकडून तो वीस हंगाम खेळला, ५४ इंटरसेप्शन घेतली आणि २००८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. पहिल्याच सामन्यात त्याने टोनी डॉर्सेटसारख्या वेगवान गड्याला मागून धावत जाऊन पकडलं होतं. शिकागोचा टिम जेनिंग्ज तर पाच फूट आठ. २०१२ च्या हंगामात नऊ इंटरसेप्शन घेऊन तो अख्ख्या लीगमध्ये पहिला होता.

अशी नावं सांगून ‘मूर्ती लहान, कीर्ती महान’ म्हणत टाळ्या घेणं सोपं आहे. मला ते अर्धवट वाटतं. हंगामापूर्वी प्रत्येक संघाच्या शिबिरात ९० जण असतात, ठेवतात ५३. घरी पाठवलेल्या पाच फूट नऊवाल्यांची यादी कुणी छापत नाही. ग्रीन लीगमधल्या सर्वांत वेगवान माणसांत मोडायचा, वेगाची स्पर्धा त्याने चार वेळा जिंकली होती. सहा फुटांचा कॉर्नरबॅक जरा मंद असला तरी हाताच्या लांबीवर निभावून नेतो. बुटक्याला मंद असण्याची चैन परवडत नाही. एक गोष्ट कमी असेल तर बाकीच्या सगळ्या सर्वसामान्यांपेक्षा पुष्कळ वर असाव्या लागतात, आणि पस्तिशीकडे झुकताना वेग उतरला की त्याच्याकडे दुसरं भांडवल उरत नाही.

नियमांचाही यात हात आहे. १९७८ पासून पहिले पाच यार्ड सोडले तर रिसीव्हरला धक्का देता येत नाही. या पाच यार्डांत लांब हातांचा धटिंगण कॉर्नरबॅक समोरच्याला जागीच खिळवू शकतो. पुढचं सगळं पायांचं काम. सिएटल संघाने पहिल्या भागावर डाव लावला. सहा फूट तीनचा रिचर्ड शेरमन आणि सहा फूट चारचा ब्रँडन ब्राउनर असे दोन मनोरे त्यांनी कडेला उभे केले आणि फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, डेन्व्हरला ४३-८ असं चिरडलं (ब्राउनर त्या सामन्यात नव्हता, पण साचा त्याच्यासारख्यांचाच). मग काय, प्रत्येकाला उंच कॉर्नरबॅक हवा झाला.

पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी २०१५ ला, याच सिएटलला गोललाइन एका यार्डावर दिसत होती. न्यू इंग्लंड २८-२४ ने पुढे, अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ शिल्लक. सिएटलने चेंडू फेकला आणि माल्कम बटलरने मध्ये घुसून तो पळवला. निवडीत कुणीही न घेतलेला, पहिल्याच वर्षाचा पोरगा. उंची पाच फूट अकरा, म्हणजे बुटका नव्हे, पण मनोराही नव्हे. लोकांना बटलर आठवतो. त्याच्या शेजारी कोण होता? तोच ब्राउनर, आता न्यू इंग्लंडचा. वाट अडवायला आलेल्या रिसीव्हरला त्याने जागच्या जागी थोपवून धरलं, म्हणून बटलरला घुसायला जागा मिळाली. बुटका की उंच, या वादात मला हा डाव फार महत्त्वाचा वाटतो, कारण दोघांनी आपापलं काम वाटून घेतलं होतं.

आता लहान चणीच्या कॉर्नरबॅकला बहुतेक संघ कडेला ठेवतच नाहीत, आत घेतात. आतल्या जागेवरचे रिसीव्हर चपळ, झटक्यात वळणारे. तिथे लांब टांगांच्या माणसाला वळायला वेळ लागतो. इंडियानापोलिसचा केनी मूर, पाच फूट नऊ, निवडीत न घेतलेला, याच जागेवर खेळून २०२१ च्या हंगामात प्रो बोलपर्यंत गेला. कधी काळी ही फावल्या वेळची जागा होती. संघ तीन-तीन, चार-चार रिसीव्हर उतरवू लागले तशी ती नेहमीची झाली.

खान्देशात लहान शरीर की मोठं, हा वाद कुस्तीच्या फडावर रंगतो. महाराष्ट्र केसरीची गदा वजनदार गटातल्या मल्लांची. तरी २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षं ती नेली नरसिंग यादवने, जो आंतरराष्ट्रीय मॅटवर ७४ किलोत खेळायचा. त्यानंतरची तीन वर्षं, २०१४ ते २०१६, गदा आली चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीकडे, आणि विजय म्हणजे भारदस्त गडी. २०२३ मध्ये कॅनडातल्या जागतिक पोलीस स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकलं ते १२५ किलो गटात. सहा वर्षं, दोन अगदी वेगळी शरीरं. पारावरच्या वादात दोन्ही बाजूंना दाखला मिळतो आणि चहा थंड होतो.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे रुजला नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या भारतीय लीगचं पहिलं विजेतेपद पुणे मराठाज संघाने मिळवलं होतं, पण ती लीग टिकली नाही. कबड्डी खेळलेल्या पोरांना कडेची जागा लवकर समजली असती, असं मला वाटतं. उंच चेंडूचं मात्र नव्याने शिकावं लागलं असतं.

बुटक्याने कुठे उभं राहावं, या प्रश्नाची अमेरिकेतल्या एका घरात दोन उत्तरं आहेत. बाप अँटोइन विनफिल्ड, पाच फूट नऊ, कॉर्नरबॅक. १९९९ मध्ये पहिल्या फेरीत निवडला गेला, अंगाने दुप्पट माणसांना आडवं पाडायचा, तीनदा प्रो बोल खेळला. मुलाचं नाव तेच, उंचीही तीच. २०२४ मध्ये टॅम्पा बे संघाने मुलाशी चार वर्षांचा ८ कोटी ४१ लाख डॉलरचा करार केला. वर्षाच्या सरासरीने पाहिलं तर तोवर बचावफळीच्या मागच्या खेळाडूंत इतके पैसे कुणाला मिळाले नव्हते. मात्र मुलगा कडेला खेळत नाही. संघाने त्याला सेफ्टी म्हणून मागे, मोकळ्यात उभं केलं आहे, जिथून पूर्ण डाव दिसतो आणि सहा फूट पाचच्या रिसीव्हरशी रोज एकट्याने झुंजावं लागत नाही. त्याच उंचीवर कडेला उभं राहून त्याला एवढे पैसे मिळाले असते, यावर मी तरी पैज लावणार नाही.