आर्ट्सला नुसतं पाठांतर नसतं!

काल शेजारची मुलगी विचारत होती, "काका, अकरावी आर्ट्स म्हणजे पाठांतरच ना?"

मी भूगोल शिकवतो. कपाटातला स्थलनिर्देशक नकाशा तिच्यापुढे पसरला. प्रमाण १:५०,०००, म्हणजे नकाशावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. तपकिरी समोच्च रेषा दाटीने आल्या की चढ उभा, विरळ झाल्या की उतार सौम्य. थोड्याच वेळात पोरीने बोट फिरवत घाटाची वाट शोधली!

भूगोलाच्या प्रात्यक्षिकात हेच करतात.

शिवाय इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र आहेच. तर्कशास्त्रही, माझ्या मते फार दुर्लक्षित विषय.

मात्र प्रत्येक कॉलेजात सगळे विषय नसतात. पसंतीक्रम भरण्याआधी चौकशी कराच.

विषय निवडताना अडलात तर खाली विचारा, जमेल तसं सांगतो.