निमाड नावाचा मतदारसंघ

इंदूरहून बऱ्हाणपुरास निघालेल्या मराठी माणसास वाटेत एक गंमत अनुभवास येते. बडवाह सोडून नर्मदा ओलांडली, की निमाड सुरू होते आणि कानांवर निमाडी बोली पडू लागते. खंडवा मागे टाकून असीरगडाखालून तापीच्या खोऱ्यात उतरावे, तो केळीच्या बागा दिसू लागतात आणि बाजारात खानदेशी वळणाची मराठी ऐकू येते. मनुष्य मध्यप्रदेशातच असतो. पण आपण रावेर-सावद्याच्या हद्दीत आलो की काय, असा क्षणभर भास होतो.

हा भास अगदीच निराधार नव्हे. बऱ्हाणपूर ही खानदेशची राजधानी होती. फारुकी सुलतानांनी ती वसविली, मोगलांनी तिला सुभ्याचे ठाणे केले. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर निजामाने ती पेशव्यांस दिली आणि पुढे ती शिंद्यांकडे गेली. १८६० साली शिंद्यांकडून ती इंग्रजांच्या ताब्यात आली आणि मध्यप्रांताच्या निमाड जिल्ह्यात सामील झाली. खानदेशचे कलेक्टर धुळ्यास बसले, निमाडचे खंडव्यास. आणि खानदेशची जुनी राजधानी खानदेशाच्या बाहेर राहिली. सरकारी नकाशावर ओढलेली एक रेघ माणसाचे गाव हलवीत नाही, पण गावाचे नाव मात्र हलविते. पुढे मतदानाचे युग आले, तेव्हा या रेघेचे परिणाम अधिकच ठळक झाले.

इंग्रजी अमलात मताचा अधिकार थोड्यांनाच होता. १९३७ साली मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेच्या ११२ जागांसाठी निवडणूक झाली, तेव्हा सारा भरणारे, कर देणारे किंवा काही इयत्ता शिकलेले, एवढ्यांचीच नावे यादीत होती. शिवाय मुसलमानांच्या याद्या व जागा वेगळ्या. बऱ्हाणपूरसारख्या गावात, जिथे एकाच गल्लीत विणकर मोमीन, गुजराती सावकार आणि मराठी वतनदार राहात, तिथे शेजारी शेजाऱ्याच्या उमेदवारास मत देऊ शकत नसे. याच गावच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या विभक्त याद्यांचा विपर्यास अधिकच जाणवतो. पण एक गोष्ट खरी. त्या काळी राजधानी नागपूर होती. राज्य हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांचे होते आणि १९३७ साली त्याचे पहिले काँग्रेसी मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे हे मराठी गृहस्थ होते. बऱ्हाणपूरच्या मराठी घराला सरकारदरबारी आपली भाषा परकी वाटण्याचे कारण नव्हते.

नंतर स्वातंत्र्य आले आणि १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. त्या लोकसभेच्या सभासदांची यादी चाळताना एक मौज नजरेस पडते. ‘निमाड’ नावाचे मतदारसंघ एक नव्हे, दोन होते. एक नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशातला. त्यात खंडवा-बऱ्हाणपूर आले आणि तेथून काँग्रेसचे बाबूलाल तिवारी निवडून गेले. दुसरा आपल्या मध्यभारतातला, म्हणजे खरगोण-महेश्वरकडचा होळकरी निमाड; तेथून काँग्रेसचेच बैजनाथ महोदय गेले. एकच नर्मदेचे खोरे, एकच बोली, एकच कापूस. पण एक भाग इंग्रजांचा होता आणि दुसरा होळकरांचा, म्हणून दिल्लीच्या सभागृहात दोन निमाड शेजारी बसले.

त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि पेटीवर चिन्ह असे. काँग्रेसची बैलजोडी, जनसंघाचा दिवा. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही आपली पेटी ओळखता येई. मात्र नावाचा प्रश्न तिथेही आडवा आलाच. मतदारयाद्या करणाऱ्यांस कित्येक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. निर्वाचन आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली, की नाव नसेल तर मत नाही. देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे याद्यांतून गळाली आणि ती ज्या राज्यांत प्रामुख्याने गळाली, त्यांत आपला मध्यभारतही होता. आमच्या-तुमच्या घरच्या कोण्या आजी-पणजीचा त्यांत समावेश असेल, तर नवल नाही. नाव सांगणे ही मर्यादेची बाब समजणाऱ्या त्या बायकांना, नाव न सांगण्याची किंमत पहिल्याच मताने मोजावी लागली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, निमाड नव्या मध्यप्रदेशात राहिला, आणि बऱ्हाणपूरचे तोंड नागपुराकडून भोपाळकडे वळले. दोन्ही निमाड आता एकाच राज्यात आले. पण एकत्र होण्याऐवजी ते पूर्व निमाड आणि पश्चिम निमाड असे नांदू लागले. १९५७ साली पूर्वेकडून पुन्हा बाबूलाल तिवारीच निवडून आले. १९६२ साली मतदारसंघांची नावे जिल्ह्यांच्या मुख्य गावांवरून पडली, खंडवा आणि खरगोण. ‘निमाड’ हे नाव लोकसभेच्या नकाशावरून पुसले गेले, ते आजतागायत परत आले नाही. त्या वर्षी खरगोणहून रामचंद्र विठ्ठल बडे हे मराठी गृहस्थ जनसंघातर्फे निवडून आले, आणि खंडव्याहून काँग्रेसचे महेशदत्त मिश्र.

मतदारसंघाचे नाव पुसले जाणे ही गोष्ट काही आपल्याच वाट्यास आलेली नाही. आयर्लंडच्या पश्चिम वॉटरफर्डचे पार्लमेंट-सभासद आल्फ्रेड वेब हे १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते, हे आज थोड्यांस ठाऊक असेल. बडोद्याची दिवाणगिरी केलेले दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनच्या मध्य फिन्सबरीतून पाचच मतांनी पार्लमेंटात गेले, हे मात्र बहुतेकांस ठाऊक आहे. १९१८ च्या फेररचनेत पश्चिम वॉटरफर्ड आणि मध्य फिन्सबरी ही दोन्ही नावे गेली. मतदारसंघ गेला, वेब आणि दादाभाई राहिले. तेव्हा नावापेक्षा माणसे आणि मते यांचाच हिशेब अधिक टिकाऊ, असे म्हणावयास हरकत नाही.

तो हिशेब खंडव्याच्या बाबतीत मांडून पाहू. १९६७ आणि १९७१ साली काँग्रेसचे गंगाचरण दीक्षित निवडून आले. १९७७ साली आणीबाणीनंतरची लाट आली आणि मध्यप्रदेशाच्या ४० जागांपैकी काँग्रेसला केवळ एक मिळाली. त्या वेळी खंडव्याहून जनता पक्षाचे परमानंद गोविंदजीवाला गेले. ते बऱ्हाणपूरचे. ज्या गावाने मतदारसंघाला कधी नाव दिले नाही, त्याने आपला माणूस दिला.

१९७९ साली पोटनिवडणूक झाली आणि जनता पक्षाने कुशाभाऊ ठाकरे यांना उभे केले. धारला १९२२ साली जन्मलेले, माळव्याच्या मराठी घरातले. संघटनेचे काम पडद्याआड करीत राहण्याची त्यांची ख्याती; पुढे १९९८ ते २००० ते भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष झाले. कुशाभाऊ निवडून आले. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकसभाच बरखास्त झाली. खंडव्याने दिल्लीस पाठविलेल्या त्या मराठी माणसास वर्षभराचीही कारकीर्द लाभली नाही. १९८० साली ते पुन्हा उभे राहिले आणि बऱ्हाणपूरच्या ठाकूर शिवकुमारसिंह यांनी त्यांचा पराभव केला.

या निकालाने त्या काळी अनेक मराठी घरांत हळहळ झाली असेल. ती स्वाभाविक आहे. पण तो निकाल शांतपणे पाहिला, तर त्यातून एक धडा मिळतो. आपली भाषा बोलणारा, पण बाहेरून आलेला, आणि दुसरी भाषा बोलणारा, पण तापीचे पाणी प्यालेला, या दोघांत मतदारांनी दुसऱ्याची निवड केली. इथला मतदार आडनाव वाचून शिक्का मारीत नाही. आडनावांची गंमतच पाहावयाची, तर पुढची यादीच बोलकी आहे. १९८४ साली कालीचरण सकरगाये, १९८९ साली अमृतलाल तारवाला, १९९१ साली ठाकूर महेंद्रकुमारसिंह. तारवाला हे आडनाव ऐकताच बऱ्हाणपूरची जुनी जरतार डोळ्यांपुढे उभी राहते.

१९९६ पासून मात्र एक नाव ठाण मांडून बसले. नंदकुमारसिंह चौहान. बऱ्हाणपूरजवळच्या शाहपूरचे हे गृहस्थ १९९६, १९९८, १९९९, २००४, २०१४ आणि २०१९ असे सहा वेळा निवडून आले. मध्ये २००९ साली तेवढे काँग्रेसचे अरुण यादव आले. शाहपूर हा विधानसभेचा मतदारसंघही होता आणि चौहान आधी तेथूनच भोपाळला गेले होते. भोवती मराठी बोलणारी खेडी. २००८ च्या फेररचनेत हा शाहपूर मतदारसंघही बंद झाला. २००३ साली १५ ऑगस्टला बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला, पण त्याच्या वाट्यास विधानसभेच्या दोनच जागा राहिल्या, बऱ्हाणपूर आणि नेपानगर. निमाडनंतर हे दुसरे नाव गेले.

चौहान यांचे २०२१ च्या मार्चमध्ये निधन झाले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला झालेल्या पोटनिवडणुकीत भाजपचे ज्ञानेश्वर पाटील विजयी झाले आणि २०२४ साली पुन्हा तेच आले. १९७९ नंतर बेचाळीस वर्षांनी मराठी नावाचा माणूस खंडव्याहून दिल्लीस गेला, आणि या खेपेस तो बाहेरून आणलेला नव्हता, बऱ्हाणपूरच्याच मातीतला होता. १९८० चा धडा उलट बाजूने तोच ठरला. मराठी म्हणून नव्हे, इथला म्हणून.

आता आणखी एक गोष्ट नमूद करून हे पुराण आटोपते घेतो. २००८ पासूनच्या खंडवा मतदारसंघाचे आठ विधानसभा-विभाग पाहावेत. खंडवा, पंधाना, मांधाता, बऱ्हाणपूर, नेपानगर हे जुन्या इंग्रजी निमाडातले. देवास जिल्ह्यातले बागली. आणि उरलेले दोन, भीकनगाव व बडवाह, हे होळकरी निमाडातले. म्हणजे १९५२ साली वेगवेगळ्या राज्यांत पडलेल्या दोन निमाडांचे काही तुकडे पुढे एका मतपेटीत एकत्र आले. केवळ नाव ‘निमाड’ नाही, एवढेच.

आमच्या जुन्या घरांतून एक तक्रार नेहमी ऐकू येते, की आपण इथे पिढ्यान् पिढ्या राहिलो, पण नकाशावर आपले असे काही उरले नाही. बऱ्हाणपूरला खानदेशातून काढले, नागपूर गेले, निमाड गेले, शाहपूर गेले. तक्रार खोटी नाही. पण रेघा ओढणारे वर असतात आणि मत देणारे खाली. ज्या आज्यांनी १९५२ साली नाव सांगितले नाही, त्यांच्या नाती आज रांगेत उभ्या राहून स्वतःचे पूर्ण नाव सांगतात आणि बोटाला शाई लावून घेतात. मतदारसंघाचे नाव फेररचनेबरोबर जाते-येते. यादीतले आपले नाव मात्र शाबूत आहे ना, हे निवडणुकीच्या आदल्या दिवशी नव्हे, यादी प्रसिद्ध होते तेव्हाच पाहून ठेवावे. या साऱ्या नकाशात आपल्या स्वाधीन असलेले नाव तेवढे एकच आहे.