घरचा संगणक : नवा घ्यावा, जुळवावा, सुधारावा की विकावा?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या गोडादरा, डिंडोली, लिंबायत भागांतील पुष्कळ घरांत एकच विषय निघतो. मुलाला संगणक घ्यावयाचा काय, आणि घ्यावयाचा तर कोणता? मागावर पाळी भरून किंवा रिंगरोडच्या साडीमार्केटात नोकरी करून संसार चालविणाऱ्या कुटुंबास चाळीस-पन्नास हजार रुपये ही लहानसहान रक्कम नव्हे. खानदेशातून रेल्वेने येथे आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांस शिलाईचे यंत्र, सायकल, पितळी भांडे पारखून घेता येत असे. संगणकाचा डबा बंद असतो. आत काय आहे ते दिसत नाही, आणि दुकानदार म्हणेल ती पूर्व दिशा होऊन बसते. म्हणून आत काय असते ते आधी पाहू.

संगणकात मुख्य तीन गोष्टी : हिशेब करणारा प्रोसेसर, हातातले काम तात्पुरते धरून ठेवणारी मेमरी म्हणजे रॅम, आणि सर्व दप्तर कायम साठविणारी डिस्क. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक पूर्ण झाला. त्याच्या मेमरीत ४० अंशांचे २०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या मापाने अवघे १० किलोबाइट. आज साध्या लॅपटॉपमध्ये असते ती ८ जीबी मेमरी त्याच्या आठ लाखांहून अधिक पट भरते. तरीही आपला संगणक ‘हळू चालतो’ ही तक्रार घरोघर आहेच!

त्याचे कारण आपल्या धंद्यातल्या माणसास चटकन कळेल. माग कितीही वेगाचा आणला, पण बाण्याच्या कांड्या भरणारा एकच म्हातारा गडी असला, तर माग उभाच राहणार. जुन्या संगणकात हा म्हातारा गडी म्हणजे फिरती हार्ड डिस्क. लॅपटॉपमधील अशी तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि तिच्यावरचा काटा मजकूर शोधीत इकडून तिकडे हिंडतो. तिच्या जागी एसएसडी बसविली, तर हिंडणारा काटाच उरत नाही. पाच-सात मिनिटे घेऊन उघडणारा संगणक एका मिनिटाच्या आत उघडू लागतो. नवा संगणक घेण्यास निघालेल्या दहा घरांपैकी निदान तीन-चार घरांचे काम एवढ्यावर भागेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेमरी ४ जीबीची असेल तर ती ८ करावी. परंतु त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या मेमरीच्या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. आणि हल्लीच्या कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी मूळ फळीवरच डाग देऊन पक्की केलेली असते, तेथे वाढ करण्यास वावच नसतो. शिवाय २०२५ सालाच्या उत्तरार्धात मेमरीचे भाव कडाडले, कारण कारखान्यांनी आपला माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडे वळविला. तेव्हा पूर्वीच्या दराच्या आठवणीवर हिशेब मांडू नये, त्या दिवशीचा भाव विचारावा.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीस मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. म्हणजे संगणक त्या दिवशी बंद पडला असे नव्हे. चोरवाटा बुजविण्याची दुरुस्ती येणे थांबले. घरगुती ग्राहकांस काही अटींवर ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत कंपनीने देऊ केली. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. प्रोसेसरही कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलचा असेल तर तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो.

पिढी ओळखणे अवघड नाही. आय-५ नंतरचा आकडा पाहावा. ७२०० असेल तर ती सातवी पिढी, ८२५० असेल तर आठवी, १०४०० असेल तर दहावी. ‘आय-७ आहे साहेब, एकदम भारी’ असे सांगून चौथ्या पिढीचे यंत्र गळ्यात मारण्याचे प्रकार होतात. अशा आय-७ पेक्षा दहाव्या पिढीचा आय-३ घरच्या कामास बरा. उलट बाजूही ध्यानात असावी. आठव्या पिढीच्या कित्येक यंत्रांत टीपीएम असते, पण आतल्या सेटिंगमध्ये बंद ठेवलेले असते. ते सुरू केले की काम होते. ‘यावर विंडोज ११ चालणार नाही, नवाच घ्या’ असे कोणी म्हटले, तर मायक्रोसॉफ्टचेच ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन चालवून आपण स्वतः पाहावे. यंत्र खरोखरच जुने असेल, तर त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालता येते. मुलांचा अभ्यास, मराठी टंकलेखन, पत्रव्यवहार, बँकेची कामे तिच्यावर उत्तम होतात. हिशेबाचे टॅली किंवा अभियांत्रिकीचे ऑटोकॅड वापरावयाचे असेल, तर मात्र विंडोजच धरावे.

म्हणजे प्रश्न फिरून कामावर येतो. दहावीपर्यंतच्या मुलास स्वतःचा लॅपटॉप घेऊन देण्याची घाई करू नये. घरात एक जुना सुधारलेला संगणक सर्वांना पुरतो. डिप्लोमा वा अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला, तर प्रथम महाविद्यालयात विचारावे, कोणता प्रोग्रॅम लागतो, आणि मग खरेदीस निघावे. एम्ब्रॉयडरीचे पंचिंग करणाऱ्या आपल्या तरुणांची गोष्ट निराळी. त्यांची रोजी त्या यंत्रावर आहे, दिवसाचे दहा-बारा तास ते चालते. अशा कामास लॅपटॉपपेक्षा सुटे भाग जुळवून केलेला टेबलावरचा संगणक चांगला : पडदा मोठा मिळतो, उष्णता कमी कोंडते, आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

जुळवून घेताना मात्र एक पथ्य आहे. लोक प्रोसेसरवर खर्च करतात आणि वीजपुरवठ्याचा डबा, ज्यास एसएमपीएस म्हणतात, तो स्वस्तातला घेतात. तोच जळताना बाकीच्या भागांस घेऊन जळतो. प्रत्येक भागाची हमी निरनिराळी असते, म्हणून बिलावर प्रत्येक भागाचे नाव व अनुक्रमांक लिहून घ्यावा. दुकानदार ‘विंडोज फुकट टाकून देतो’ म्हणाला, तर ती बहुधा चोरीची प्रत असते, आणि तिच्याबरोबर घरात काय शिरेल याचा नेम नाही. संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे. धंद्याची नोंदणी असेल आणि यंत्र धंद्यासाठीच असेल, तर ५०,००० च्या मालावरील ९,००० रुपये नियमानुसार वजा मिळू शकतात. बिलाशिवाय ‘स्वस्त’ मिळालेला संगणक अशा वेळी महागच पडतो.

हप्त्यांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. ‘बिनव्याजी हप्ता’ अशी पाटी पाहून पुष्कळजण भुलतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले, की शून्य टक्के व्याज अशी काही वस्तूच नाही. व्याज हे बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने वा नाकारलेल्या सवलतीच्या रूपाने वसूल होते. ‘रोख दिले तर किती?’ एवढे विचारावे आणि दोन्ही आकडे कागदावर शेजारी मांडावेत, फरक आपोआप दिसतो.

कंपन्यांनी वापरून काढलेले, दुरुस्त करून पुन्हा विकलेले संगणकही बाजारात येतात. आठवी पिढी वा पुढची, लेखी हमी आणि लॅपटॉप असल्यास बॅटरी किती वेळ टिकते ते समोर पाहून घेतलेले असे यंत्र मध्यम घरास सोयीचे पडते.

आता विक्री. जुना संगणक जितका अधिक काळ माळ्यावर पडेल, तितका त्याचा भाव उतरतो. तथापि विकण्यापूर्वी त्यातील दप्तर पुसणे हे भावापेक्षा महत्त्वाचे. आधार, पॅन, पासबुक यांच्या प्रती त्यात असतात. फाइल ‘डिलीट’ केली की ती नाहीशी होते असा समज आहे, तो खोटा. केवळ अनुक्रमणिकेतील ओळ खोडली जाते, पान तसेच राहते. विंडोजच्या ‘रिसेट’मध्ये सर्व काढून डिस्क साफ करण्याचा पर्याय निवडावा. त्यास वेळ लागतो, लागू द्यावा. सर्वांत निर्धास्त मार्ग म्हणजे डिस्क काढून घरी ठेवणे व बाकीचे यंत्र विकणे. विकत घेणाऱ्याकडून नाव, तारीख आणि अनुक्रमांक असलेली सहीची पावती घ्यावी. अगदी मोडका संगणक भंगारवाल्यास देऊ नये. तांब्यासाठी तारा जाळल्या जातात आणि त्याचा धूर आपल्याच गल्लीतील मुलांच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जावयास हवा.

जाता जाता एक खास सुरतेची गोष्ट. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुरात शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला, आणि आपल्या बाजूस पावसाळ्यात खाडीचे पाणी चढते ते निराळेच. तळमजल्याच्या घरात संगणकाचा डबा जमिनीवर ठेवू नये, टेबलावर ठेवावा. आणि महत्त्वाच्या कागदांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याकडे किंवा गावी भावाकडे ठेवावी. दर दिवाळीस ती नवी करावी.