नवसाचं नाटक: ओबरआमरगाऊ

जर्मनीच्या बव्हेरियातल्या आल्प्स पर्वतात ओबरआमरगाऊ हे जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे. १६३३ मध्ये प्लेगनं माणसं मरू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी नवस बोलला: साथ टळली तर दर दहा वर्षांनी येशूच्या यातनांचं नाटक करू. पहिला प्रयोग १६३४ चा.

तो नवस आजही फेडला जातो!

भूमिका मिळवायची तर जन्म गावातला हवा, नाहीतर तिथं वीस वर्षांचं वास्तव्य. आदल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारपासून (ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस) बहुतेक कलाकार केस-दाढी वाढवतात. प्रयोग सुमारे पाच तासांचा, मध्ये जेवणाची मोठी सुट्टी. दिग्दर्शक क्रिस्टियान श्टुकल यांनी १९९० पासून संहितेतला ज्यूद्वेष काढून टाकण्यावर भर दिला.

कोरोनामुळे २०२० चे प्रयोग २०२२ मध्ये झाले. पुढचे २०३० मध्ये. एरवीही चित्रांनी रंगलेल्या भिंती आणि लाकडी कोरीवकाम पाहायला जावं. म्युनिकहून रेल्वेनं मुर्नाऊला गाडी बदलायची.