सायबर सुरक्षेचे व्यवस्थापन : नवा पेशा, जुना अनुभव



आमच्या युनियनच्या कचेरीत गेल्या वर्षी एक गृहस्थ आले. वय चव्वेचाळीस. कारखान्याच्या सेफ्टी खात्यात पंधरा वर्षे सुपरवायझर होते. कारखाना बंद झाला. म्हणाले, "दादा, सायबर सुरक्षेत माणसे हवी आहेत असे ऐकतो. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. या वयात त्या खात्याचा व्यवस्थापक होऊ म्हणणे वेडेपणाचे का?" त्यांना मी जे सांगितले, तेच आज जरा विस्ताराने मांडतो. मी संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. कामगारांच्या कामापुरते जे वाचावे लागले, तेवढीच माझी शिदोरी.

हा पेशा मुळात आला कोठून? १९९४ साली रशियातून सिटी बँकेच्या संगणकांत शिरून चोरांनी सुमारे एक कोटी डॉलर भलत्याच खात्यांत वळविले. बहुतेक रक्कम परत मिळाली, पण बँक हादरली. १९९५ त तिने स्टीव्ह कॅट्झ यांना केवळ माहितीच्या सुरक्षिततेसाठी वरिष्ठ अधिकारी म्हणून नेमले. या पदावरचे ते जगातले पहिले मानले जातात. हा प्रश्न दूर देशीचा नाही, हे आपल्याला २०१८ च्या ऑगस्टात कळले. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, आणि त्यांतले बरेचसे बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काढले गेले.

आता कुलूप घडविणारा कारागीर वेगळा आणि वाड्याच्या पहाऱ्याची व्यवस्था लावणारा कारभारी वेगळा. व्यवस्थापक हा कारभारी. आपल्याजवळ जपण्यासारखे काय आहे, ते कोणाच्या हाती आहे, काय बिघडू शकेल, ते टाळायला किती खर्च करावा, आणि बिघडलेच तर कोणी काय करावयाचे, या पाच प्रश्नांची उत्तरे तयार ठेवणे हे त्याचे काम.

आमच्या सुपरवायझरसाहेबांना यातले नवीन काय? कारखान्यात वर्क परमिटवाचून कोणी टाकीत उतरत नाही; संगणकातही ज्याला जेवढे काम, तेवढीच परवानगी, आणि काम संपताच ती बंद. कारखान्यात आगीची रंगीत तालीम असते. येथे बॅकअपमधून सारे कामकाज पुन्हा उभे राहते की नाही याची तालीम असते. कंत्राटदाराचा माणूस कारखान्यात अपघात घडवितो, तसाच येथे बाहेरच्या कंपनीला दिलेला पासवर्ड घात करतो. हिशेब तपासणाऱ्याला, इस्पितळातल्या मेट्रनलाही आपापल्या कामात अशी साम्ये सापडतील.

परंतु अर्धे येते म्हणून सारे येते असे नव्हे. नेटवर्क कसे चालते, माहिती सांकेतिक रूपात कशी ठेवतात, संगणकाच्या नोंदवह्या, म्हणजे लॉग, कशा वाचतात, हे शिकलेच पाहिजे; नाहीतर हाताखालचे तंत्रज्ञ सांगतील ते खरे मानावे लागेल. आयएसओ २७००१ हे मानक अभ्यासावे. 'तीन महिन्यांत मॅनेजर' अशा जाहिरातींना मात्र भुलू नये. सीआयएसएसपी या नावाजलेल्या प्रमाणपत्राला आठ विषयांपैकी किमान दोहोंत मिळून पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदवी वगैरे असल्यास त्यांतले एक वर्ष माफ होते. अनुभव नसता परीक्षा उत्तीर्ण झालात, तर तूर्त सहयोगी म्हणवून घेता येते, इतकेच. म्हणून आधी धोक्यांच्या नोंदी, तपासणी, पुरवठादारांची छाननी, कर्मचाऱ्यांचे शिक्षण अशा कामांत शिरावे. पगार प्रथम कमी मिळेल, हेही घरी आधीच सांगून ठेवावे.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. एका कंपनीत हिशेबखात्यातल्या बाईंना साहेबांच्या नावाने खोटी ई-मेल आली. त्यांनी पैसे पाठविले. अर्ध्या तासात त्यांना शंका आली. पण आदल्या वर्षी अशाच चुकीपायी एकाला घरी बसविलेले त्यांनी पाहिले होते. त्या दोन दिवस गप्प राहिल्या. तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन झाला असता, तर रक्कम वाटेत अडविण्याची संधी होती. ती गेली. चौकशीत मी त्यांच्या बाजूने बसलो. नोकरी कशीबशी वाचली.

आता पाहा. २८ एप्रिल २०२२ च्या सरकारी आदेशाने ठराविक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत 'सर्ट-इन' या संस्थेला कळविण्याचे बंधन घातले. ज्या कचेरीत माणूस दोन दिवस भीतीने तोंड उघडत नाही, तेथे सहा तासांचा नियम पाळणार कोण? भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याच्या कारखान्यांत सुरक्षा समित्या आल्या, आणि त्यांत कामगारांना मालकाइतक्याच जागा मिळाल्या. कारण उघड होते. धोका प्रथम दिसतो तो यंत्राशेजारी उभ्या असलेल्याला.

म्हणून त्या गृहस्थांना मी म्हणालो, "शिकायचे ते शिका, वयाची लाज धरू नका. पण ज्या दिवशी त्या खुर्चीत बसाल, त्या दिवशी पहिला नियम हा करा, की जो आपली चूक आपण होऊन लगेच सांगेल, त्याला त्या सांगण्याबद्दल शिक्षा नाही." ते सध्या एका कचेरीत तपासणीच्या कामावर आहेत, व्यवस्थापक अजून झालेले नाहीत. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "दादा, लोक मला येऊन सांगू लागले आहेत." माझ्या मते त्यांची निम्मी वाट चालून झाली आहे.